कोरड्या कादंबरीच्या ओल्या नोंदी

प्रकल्प: १९७२ च्या दुष्काळावरची कादंबरी, दुसरा खर्डा
जागा: शुक्रवार पेठ, कोल्हापूर. जुन्या घराची माडी, वर पत्रा, खाली ऑफसेट प्रेस. पंचगंगा घाट चालत सात मिनिटांवर. महापुरात चालावं लागत नाही, नदीच येते.

१२ मे

पहिला खर्डा फेब्रुवारीत संपवला होता. चोवीस प्रकरणं, सगळी हातानं, फुलस्केपवर. नंतर तीन महिने त्याच्याकडे बघितलंही नाही. आज गठ्ठा सोडला. दिवाळी झाली की प्रकाशकांना देते असा शब्द दिलाय. म्हणजे हातात साडेपाच महिने, त्यातले चार पावसाचे.

कादंबरी आटपाडीकडच्या एका गावातली. दुष्काळी कामाचं खडी केंद्र, पाझर तलाव, मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी), सुकडी (मजुरांना वाटायचा कोरडा पौष्टिक खाऊ). मी तो दुष्काळ बघितलेला नाही, सासूबाईंनी बघितलाय. त्यांना मी आत्या म्हणते. तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या आणि आईबरोबर खडीवर जायच्या. हजेरीपटावर नाव नव्हतं, काम खडी फोडणाऱ्यांना पाणी द्यायचं. कादंबरीत जे खरं वाटतं ते त्यांचं. जे वाटत नाही ते माझं.

दुपारी बारा ते चार माडीवर बसवत नाही. सकाळी बसले. अंगातून धारा, समोर कागदावर करपलेलं रान. पहिलं प्रकरण झरझर गेलं. ६४० शब्द.

या वेळी रोजच्या नोंदीत हवेचा एक रकाना घालतेय. लोक विचारतात, "पावसात छान सुचत असेल, नाही?" मी हसून सोडून देते, कारण उत्तर मलाच माहीत नाही. हा पावसाळा लिहून ठेवू, मग बोलू.

२१ मे

वळीव. चार वाजता अंधारून आलं, वाऱ्यानं खिडकी उघडली आणि प्रकरण २ ची नऊ पानं खाली बोळात. सात मिळाली. एक गटारीत गेलं, एक कुठं गेलं ते पत्ताच नाही.

हरवलेली दोन पानं रात्री आठवून लिहिली. दोनाचं पाऊण पान झालं. जे आठवलं नाही ते नसतंच तरी चाललं असतं. वळवानं फुकट संपादन करून दिलं म्हणायचं.

७ जून

"मिरग निघाला," आत्या सकाळीच म्हणाल्या. निघाला तो पंचांगात. आभाळात कापूसभर ढग नाही.

माझ्या कादंबरीचं घड्याळ नक्षत्रांचं आहे. प्रकरण ५ ते ११ म्हणजे रोहिणी ते मघा, एकेक नक्षत्राला एकेक प्रकरण, आणि सगळी कोरडी. लोक पुनर्वसूच्या पावसाला तरणा म्हणतात, पुष्याच्या पावसाला म्हातारा. माझ्या गावात तरणाही येत नाही आणि म्हाताराही. तर मी असं ठरवलंय की मृगाचं प्रकरण मृगात लिहायचं, आर्द्रेचं आर्द्रेत. योजना मला फारच आवडली आहे. ५१० शब्द.

(एक बाजूची गोष्ट. मी इथं "बसले, लिहिलं" असं लिहिते. तोंडानं मात्र कोल्हापूरच्या बायकांसारखं "बसलो, आलो, जातो" म्हणते. पुण्याच्या मैत्रिणीला तीस वर्षं झाली तरी याचं हसू येतं. कादंबरीत हे आणायचा मोह होतो, पण गाव कोल्हापूरचं नाही.)

१९ जून

तीन दिवस संततधार. पेनची शाई फुटायला लागली, अक्षरांना कडेनं केस फुटल्यासारखी. शाईची बाटली बदलली, तरी तेच. शेवटी पान घेऊन खाली प्रेसवाल्या काकांकडे गेले. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि वर्षाला पाच-सहा पुस्तकं छापतात. त्यांनी पान वाचलं नाही. कानाशी धरून हलवलं.

"वहिनी, कागद पाणी प्यालाय."

कोरडा कागद हलवला की खडखडतो, ओल धरलेला गप्प बसतो. मग त्यांनी मशीनवरचं काम थांबवून मला अर्धा तास शिकवलं. कागदातला तंतू ओलीनं लांबीला फारसा वाढत नाही, जाडीला फुगतो. त्यामुळं शीट चारी बाजूंनी सारखी वाढत नाही, एकाच अंगाला पसरते. ज्या दिशेनं तंतू झोपलेत तो कागदाचा ग्रेन; वाढ त्याला आडवी. पावसाळ्यात एक रंग सकाळी छापला आणि दुसरा दुपारी, तर मधल्या वेळात शीट केसभर रुंद झालेली असते आणि नवरदेवाच्या फेट्याचा लाल रंग त्याच्या कपाळावर उतरतो. म्हणून रीम आल्या आल्या फोडायची नाही. मशीनच्या खोलीत दोन दिवस तशीच गुंडाळलेली ठेवायची, खोलीची हवा तिला सोसू द्यायची.

"तुम्ही लेखकांनी पण तसंच करायला पायजे," असं म्हणून ते स्वतःच हसले. मला तेवढं हसू आलं नाही.

उद्यापासून लॅपटॉपवर. पेनानं लिहिताना बोटं दुखली की वाक्य संपतं. की-बोर्डवर काही दुखत नाही, त्यामुळं माझी वाक्यं लांबतात. लक्ष ठेवायला हवं.

२७ जून

आर्द्रा. प्रकरण ६ आणि ७ मुलाला वाचायला दिली. तो म्हणाला, "आई, यातली सगळी माणसं भांडतायत का?"

भांडत नाहीत. पण मोजलं तर प्रकरण ७ मध्ये "ओरडून", "मोठ्यानं", "हाक मारत" अकरा वेळा आलंय. पहिल्या खर्ड्यात याच प्रकरणात दोनदा होतं, आणि ते लिहिलं होतं डिसेंबरात. कारण डोक्यावर आहे. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की या घरात कुणालाच साध्या आवाजात बोलता येत नाही. आत्या खालून ओरडतात, मी वरून. दिवसभर ओरडून बोलणाऱ्या घरात बसून मी अशा गावाबद्दल लिहितेय जिथं माणसं बोलायचीही बंद झाली होती, कारण बोललं की घसा सुकतो.

नऊ ठिकाणचं ओरडणं काढलं. आजचे शब्द: उणे ४०.

८ जुलै, मंगळवार

काम नाही. आषाढातला मंगळवार, टेंबलाईला पाणी चाललंय. पंचगंगेला नवं पाणी आलं की कोल्हापुरातल्या तालमी, मंडळं, गल्ल्या ते कलशातून वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर नेतात. पुढं "पी ढबाक". ज्यानं ऐकलंय त्याला हे काय ते सांगायला नको. सनईची पी आणि ढोलाचा ढबाक, बस. सकाळी सातपासून खिडकीखालून तेच.

आत्या पायरीवर उभ्या राहून हात जोडत होत्या. गढूळ, चहाच्या रंगाचं पाणी. मी म्हटलं, तुमच्याकडे होतं का असं काही? म्हणाल्या, "आमच्याकडं पानी देवाला न्हेत न्हवते. देवच पान्यात बुडवून ठेवायचे, पाऊस पडू दे म्हनून. त्या वर्षी बुडवायपुरतं बी न्हवतं."

हे पहिल्या खर्ड्यात नाही. दोन वर्षं त्यांच्याशी बोलतेय, पन्नासेक पानांची टिपणं आहेत, आणि हे आज, ढबाकच्या आवाजात, दारात उभं असताना निघालं. म्हणजे काम नाही असं वर लिहिलंय ते खोडायला हवं.

१७ जुलै

आजची नोंद लांबणार.

दुपारी आत्यांना प्रकरण ८ वाचून दाखवलं. पुनर्वसू, तरणा पाऊस, जो येत नाही. बाहेर तो आठ दिवस दिवसरात्र कोसळतोय. त्या ज्वारी निवडत ऐकत होत्या. पहिल्याच पानावर हात थांबला.

"शेनानं सारवलं म्हनतीस. सारवाय पानी कुठनं आनलं?"

खोडलं. पुढं गेले. नायिका दार ढकलते, दार अडकतं, खांद्यानं रेटावं लागतं.

"दार का अडकंल गं? उन्हाळ्यात दारं सुटी हुत्यात. फटीतनं कुत्र्याचं पिल्लू आत यायचं."

मी माझ्या माडीच्या दाराकडे बघितलं. जूनपासून ते फुगलंय. रोज सकाळी मी त्याला खांदा लावते.

त्यानंतर मी वाचत होते आणि त्या एकेक वेचून काढत होत्या, ज्वारीतले खडे काढावेत तसे. भिंतीचे पोपडे (ओलीनं धरतात, तिकडं भिंतीला भेगा होत्या). डब्यातलं मीठ गोळा झालेलं (ते माझ्या स्वयंपाकघरातलं). नायक कपाळावरचा घाम निपटतो. यावर त्या थांबल्या. "घाम दिसायचाच न्हाई. आला की वाळायचा. पाठीवर पांढरं मीठ ऱ्हायचं, सदऱ्याला कडक धार यायची." लाकडं धुमसतात. तीही माझीच, दुष्काळातली लाकडं भडकन पेटतात, धूरही करत नाहीत. आणि एका ठिकाणी चक्क मातीचा वास.

शेवटी नायिका रडते तिथं मी आपणच थांबले. हेही काढू का, म्हणून विचारलं.

"ऱ्हाऊ दे. रडाय काय घागर लागती व्हय?"

चौदा पानांत सतरा जागा. यातली एकही मी ठरवून लिहिलेली नव्हती. मला वाटत होतं, मी आठवणी, टिपणं, सरकारी अहवाल यांवरून लिहितेय. प्रत्यक्षात मोठ्या गोष्टी तेवढ्या टिपणांतून येत होत्या: किती मैल, कोणतं काम, हजेरी कशी. बारीकसारीक सगळं या खोलीतून चाललंय, दार, मीठ, धूर. आणि वाचणारा विश्वास ठेवतो तो या बारीकसारीकवरच.

मृगाचं मृगात लिहायची हुशारी गुंडाळली.

नकाशात बघितलं तर गंमत आहे. इथून पश्चिमेला पंचावन्न किलोमीटरवर गगनबावडा, तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. ढग सह्याद्री चढताना तिथंच रिकामे होतात. कोल्हापूरला त्यातला पाचवा हिस्सा मिळतो. तसंच पूर्वेला सरकत आटपाडीपर्यंत गेलं की पाचशेच्या आत. पर्जन्यछाया हा शब्द शाळेत घोकला होता. एकाच ढगाच्या दोन टोकांना माझं टेबल आणि माझी कादंबरी आहे.

१ ऑगस्ट

शून्य.

शब्दकोशाच्या पाठीवर हिरवट बुरशी. कपाटात कसर. लिहायच्या खोलीत तीन दोऱ्या बांधल्यात, कारण घरात वाळायला जागा हीच. डोक्यावर न वाळलेले परकर, पॅंटी, टॉवेल, आणि त्यांखाली मी दुष्काळ लिहितेय. अकरा दिवस ऊन नाही. रंकाळ्यावर फिरायला जाणं बंद, गुडघा धरलाय.

उदास होतं का? होतं. पण आभाळामुळं की परकरांमुळं, हे मला खात्रीनं सांगता यायचं नाही.

५ ऑगस्ट

करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसले. १८५० सालची संस्था. इतके पावसाळे काढलेल्या ठिकाणी आपलाही एक निघेल असा हिशेब. दुपारी दोनला घरी दिवा लावावा लागतो, इथं आधीपासून लावलेला असतो, एवढा फरक. पण मीठ नाही, दार नाही, परकर नाहीत. ५८० शब्द. प्रकरण १० मार्गी लागलं. येताना छत्री विसरले, परत गेले, तोवर भिजले.

१९ ऑगस्ट

पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. कोल्हापुरात पोरांना पाढे येण्याआधी हे दोन आकडे येतात. या दिवसांत कुणी कुणाला "कसं काय" विचारत नाही, "किती फूट?" विचारतात. आज राजाराम बंधाऱ्यावर ३९ ओलांडलं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेत. तिथलं पाणी इथं पोचायला काही तास लागतात, त्यामुळं पाऊस थांबला तरी जिवाला घोर थांबत नाही.

प्रकरण १३. २१० शब्द. उरलेला दिवस फोनवर पातळी बघण्यात.

२० ऑगस्ट

सकाळी सहाला काका वर आले. "वहिनी, माडी देता का चार दिवस?"

प्रेसच्या भिंतीवर दोन रेघा आहेत. २०१९ ची माझ्या खांद्याएवढी, २०२१ ची तिच्यावर वीतभर. २०१९ ला पातळी ५५ फुटांवर गेली होती, २०२१ ला ५६ च्याही वर. काकांनी तेव्हा दोन्ही वेळा कागद गमावला. या वेळी ते थांबायला तयार नव्हते. काका, त्यांचे दोन कामगार, माझा मुलगा आणि हे, अशा साखळीनं दुपारपर्यंत साठ-सत्तर रीम माडीवर. टेबल कागदाखाली गेलं. खुर्ची कागदाखाली गेली. दार, जे अडकायचं, ते आता बंदच होत नाही.

मी जिन्यात बसले, सातव्या पायरीवर. लाईट गेलेली, लॅपटॉपला जेमतेम तासभर जीव. काकांनी कटिंग मशीनखालच्या पट्ट्यांचा गठ्ठा दिला, बिलबुकाचे कडेचे तुकडे, चार बोटं रुंद. त्यावर पेनानं लिहायला लागले. तळाचा कागद म्हणून की काय, शाई फुटली नाही.

२२ ऑगस्ट

४३ ओलांडलं. उपशाच्या मोटारी पाण्यात जाऊ नयेत म्हणून काढून घेतल्या आणि शहराचे नळ बंद झाले. २०१९ ला झालं होतं तसंच. खिडकीतून उभं राहिलं की बोळाच्या टोकाला पाणी दिसतं. घरात प्यायला दीड कळशी.

अकराला टॅंकर आला. गल्ली धावली. प्लॅस्टिकचे कॅन, बादल्या, कुकरसुद्धा. आत्या शांतपणे आत गेल्या, फळीवरची पितळी घागर काढली, राखेनं घासली. धुतली नाही, नुसती पुसली. रांगेत स्वतः उभ्या राहिल्या नाहीत, घागर उभी केली आणि कट्ट्यावर बसल्या. रांग पुढं सरकली की उठून घागर पुढं. त्यांचं बघून शेजारच्या दोघीतिघींनी तसंच केलं. बायका कट्ट्यावर, भांडी रांगेत.

घागर भरल्यावर तोंडाला पदराची दुहेरी घडी लावून पाणी गाळून घेतलं. मग इकडं तिकडं बघितलं. कडुनिंबाची फांदी पावसानं मोडून पडली होती, तिची एक डहाळी तोडली आणि घागरीत वर सोडली.

"हे कशाला?"

"डुचमळत न्हाई."

घरापर्यंत एक थेंब सांडला नाही. मी कॅन घेऊन मागून येत होते, माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली.

संध्याकाळी तांदूळ धुतलेलं पाणी त्यांनी फेकू दिलं नाही. त्यात भाजी धुतली, त्यातच भांड्यांचा पहिला हात काढला, उरलेलं तुळशीला. हे सगळं बोलता बोलता, सवयीनं, पन्नास वर्षं न केलेल्या सवयीनं. मध्येच त्यांनी हात आखडता घेतल्यासारखा केला आणि वाटीत पाणी ओतताना वाटी कलती धरली. झिऱ्यावर असंच धरायचे म्हणाल्या. माणगंगेच्या वाळूत खड्डा करायचा, तळाला पाणी पाझरायची वाट बघायची आणि करटीनं, तळ न ढवळता, कडेनं घ्यायचं. एक घागर भरायला कितीकितीदा बसावं लागायचं, ते त्यांनी हातानंच करून दाखवलं, जिन्यात बसून, रिकाम्या वाटीनं.

झिरा माझ्या टिपणांत आहे. तीन ओळी आहेत. कलती वाटी नव्हती.

२३ ऑगस्ट

प्रकरण १४, पाण्याची रांग. पहाटे चार ते सकाळी दहा, सातवी पायरी, मेणबत्ती. पट्ट्या मोजल्या तर एकसष्ट. पावणेदोन हजार शब्द असावेत. चार बोटं रुंदीच्या कागदावर लांब वाक्य मावत नाही. सगळं प्रकरण आखूड वाक्यांचं झालं. घसा कोरडा असलेल्या माणसानं बोलावं तसं.

बाहेर पाऊस. घरात प्यायला पाणी नाही.

२४ ऑगस्ट

पाणी जामदार क्लबकडून आत सरकून थांबलं. आमच्या दारात आलं नाही. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतून गणपतीच्या मूर्ती हलवल्या, असं हे सांगत होते. चतुर्थी तीन दिवसांवर. लिहिणं नाही, झोप.

९ सप्टेंबर

रीम खाली गेल्या. टेबल मिळालं. पट्ट्यांवरचं प्रकरण १४ लॅपटॉपवर उतरवायला घेतलं आणि काय चूक केली ती कळली. उतरवता उतरवता मी वाक्यं जोडत होते. "आणि", "पण", "कारण" घालत होते. पूर्ण झाल्यावर वाचलं तर जिन्यातलं काहीच त्यात उरलेलं नव्हतं. सगळं काढलं. पट्टीवर जिथं ओळ संपली तिथं पूर्णविराम, असं पुन्हा केलं. दोन दिवस गेले.

प्रकरण १५ ते १८ तपासून झाली. मधल्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. गणपती, पाहुणे, चिखलाचा वास, रोज तीनशे-चारशे शब्द.

७ ऑक्टोबर

आटपाडीला जाऊन आलो. मी, आत्या, मुलगा. हेतू उघड होता: प्रकरण ८ ते ११ अजून सुकली नव्हती, त्यांना तिकडचं ऊन दाखवायचं. आत्यांनाही गावी जाऊन बरीच वर्षं झालेली.

रान हिरवंगार. टेंभूचं पाणी. कृष्णेचं पाणी कराडजवळून उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवत इथवर आणलंय. डाळिंबाच्या बागा, ठिबकच्या नळ्या, शेततळी, मध्येच ऊससुद्धा. जिथं खडी केंद्र होतं असं आत्या सांगत होत्या तिथं शेततळ्याचा निळा कागद चकाकत होता. मी वही घेऊन उभी, लिहायला काही नाही.

मला वाईट वाटलं आणि मग वाईट वाटल्याची लाज वाटली. एखादं गाव हिरवं झालं म्हणून खट्टू होणारी बाई म्हणजे कमाल आहे. आत्या मात्र खूश. बांधावर बसून डाळिंब फोडलं, दाणे तळहातावर घेतले, म्हणाल्या, "लई झ्याक झालंय." एवढंच. रडल्या नाहीत, आठवणी काढल्या नाहीत. परतताना गाडीत झोपल्या.

एक गोष्ट मिळाली. त्यांच्या भावकीतल्या घरात जुनं दार आहे, बाहत्तरच्या आधीचं. फळ्यांमधल्या फटीत माझी करंगळी गेली. पिल्लाची गोष्ट खरी असणार.

२९ ऑक्टोबर

दिवाळी संपली. प्रकाशकांकडून पंधरा दिवस मागून घेतले. कुरकुर न करता दिले.

आज हवेचा रकाना आणि शब्दांचा रकाना शेजारी ठेवून बघितले. कोरड्या दिवशी जास्त आणि ओल्या दिवशी कमी, असं काही सरळ निघत नाही. मे महिन्यात सकाळ चांगली, दुपार वाया. जूनमध्ये आकडे मोठे, पण त्यातलं निम्मं पुढं काढावं लागलं, कारण लॅपटॉपवर वाक्यं वाढली होती. सगळ्यात जास्त लिहिलं तो दिवस २३ ऑगस्ट: लाईट नाही, टेबल नाही, पाणी नाही. हे कुणाला सल्ला म्हणून सांगण्यासारखं नाही. त्याच आठवड्यातले बाकीचे दिवस जवळजवळ कोरे आहेत.

आणि रकान्यात जे भरायचंच राहिलं ते वेगळं. पाऊस पडतो तेव्हा घरात कोण कोण असतं, कपडे कुठं वाळतात, चहा किती वेळा होतो, कोण कुणाला ओरडून बोलावतं. "पाऊस" लिहून मी मोकळी होत होते, पण माझं काम अडत होतं किंवा पुढं जात होतं ते यांनी. पुढच्या वेळी रकाना आखला तर त्यात ढग कमी आणि दोऱ्या जास्त असतील.

५ नोव्हेंबर

प्रकरण ११ अजून ओलसर. मघा, भट्टीसारखी हवा, धग. माझ्या धगीत धग नाही. कोल्हापुरात नोव्हेंबरात ती कुठं मिळणार? हे म्हणाले, गुऱ्हाळावर चल.

गेलो. चुलवाणात चिपाड सारणाऱ्या माणसाशेजारी दहा मिनिटं उभी राहिले. तोंडाची कातडी ताणते, पापण्या जड होतात, आणि कमाल म्हणजे पाठ गार असते. हे मला माहीत नव्हतं. जाळापाशी उभ्या माणसाला पाठ असते. आल्यावर प्रकरण ११ मधली चार वाक्यं बदलली, बाकी तसंच ठेवलं.

काहिलीत रस फसफसत होता. गुळव्या अधूनमधून पाण्यात थेंब टाकून गोळी होते का बघत होता आणि त्याच्याइतक्याच वेळा आभाळाकडे. ढगाळ हवेत गूळ ओढ खातो, चिकट राहतो, ढेप धड बसत नाही. "आज बसंल," म्हणाला. काका त्या दिवशी कागद कानाशी धरून जसे थांबले होते तसाच तो थांबला होता. काकवीची बाटली घेऊन आलो.

१० नोव्हेंबर

काल सकाळी चोवीस प्रकरणं प्रकाशकांना दिली. छपाई खाली काकांकडेच होणार आहे, हा योगायोग नाही. प्रकाशकांना त्यांचा दर परवडतो.

अंबाबाईच्या किरणोत्सवाचा आज दुसरा दिवस. काल मावळतीची किरणं चरणांपर्यंत पोचली म्हणे. आज कमरेपर्यंत चढायला हवीत, पण दुपारपासून आभाळ भरून आलंय. महाद्वारात गर्दी आहे आणि सगळे पश्चिमेकडे बघतायत. आत्याही गेल्यात.

प्रकरण ३ मध्ये एक राहिलं. रात्री दीडला आठवलं. नायिकेची आई भाकरी थापताना हाताला पाणी लावते, पुन्हा पुन्हा. आत्यांना सकाळी विचारलं तर म्हणाल्या, "एकदा लावायची. मग थुकीवर." प्रकाशकांना फोन केला, पान ४१, दुसरा परिच्छेद. ते म्हणाले, आता बास.

दुपारी कागद आला. बावीस रीम, गुंडाळलेल्या, प्रेसच्या भिंतीपाशी, दोन रेघांच्या खाली रचल्यात. मी विचारलं कधी सुरू करताय. काकांनी दारात येऊन वर बघितलं.

"आज नको. उद्या बघू."